चुकलेलं भोक

अशोक चौकाच्या मागे, पत्र्याच्या खोलीत
मी चाळीस वर्षं पुठ्ठ्याला भोकं पाडली.
भोक असेल तिथे सुई आत जाते, दोरा उचलला जातो,
नसेल तिथे खालीच राहतो.
चादरीवरचा मोर म्हणजे एवढंच :
उचल, नको, उचल, उचल, नको.

कार्ड झिजलं की त्यावरून नवं उतरवायचं,
नव्यावरून पुढचं.
उतरवणारा माणूस. त्याला डास चावतो,
चहा येतो, वीज जाते.
एका दुपारी एक भोक शेजारच्या घरात पडलं
आणि मोराची मान मागे वळली.

बोद्धूल शेठनी शिव्या घातल्या, तेलुगूत, म्हणजे मनापासून.
गठ्ठा तरी गेला कलबुर्गीच्या बाजारात,
आणि तिथून निरोप : मागे बघणारा मोरच पाठवा.
पुढची अकरा वर्षं मोर मागेच बघत राहिला.
सरळ मानेची कार्डं कुणी नव्यानं उतरवलीच नाहीत,
ती उंदरांनी खाल्ली.

हे मी पद्मजाला ऐटीत सांगितलं.
ती कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवते.
म्हणाली, नाना, बाकीच्या चुका सांगा की.

बाकीच्या?
बिनपायाचा मोर. पिसाऱ्यात भगदाड.
एकदा तर निम्मी चादर उसवतच गेली.
त्या सगळ्या माग पुसायला गेल्या.
आणि काही अशा, की कुणाला दिसल्याच नाहीत,
अजून कुणाच्या तरी पांघरुणात असतील.

"मग भोक पडताना त्याला कलबुर्गी ठाऊक होतं का?"

मी गप्प.
मला मागाखालच्या खाटेतले ढेकूण आठवले.
पहिल्या वर्षी पावडर मारली, सूप भरून मेले.
चौथ्या वर्षी त्याच पावडरीतून
लग्नाला निघाल्यासारखे चालत यायचे.
आम्ही म्हणायचो, शिकले लेकाचे.
शिकलं कुणीच नव्हतं.
ज्यांना झेपली नाही ते सुपातून गेले.
हजारात एखादा आधीपासूनच निबर होता,
पावडर यायच्या आधीपासून, काही कारण नसताना.
पुढची सगळी खाट त्याच्या लेकरांची.

निवड म्हणतात म्हणे ह्याला.
आमच्या घरात निवड म्हणजे
ताटात ज्वारी घेऊन बसलेली हिची आई,
खडा बाजूला सारणारं तिचं बोट.
इथे बोटच नाही.
खळ्यावर उफणताना वाऱ्याला काय माहीत, दाणा कुठला, भुसा कुठला?
हलकं उडतं. जड पायाशी पडतं.

शेठही नाही मग. मोर कसा हवा
हे कुणी ठरवलेलंच नाही.
इथे मी अडलो. दोन दिवस अडलो.
पुठ्ठा आहे, भोकं आहेत, आणि पाडणारा कुणी नाही?
पुठ्ठा स्वतःच स्वतःची नक्कल काढतो, ती म्हणाली,
आणि नाना, त्याला घाई नाही.

मला लाल-हिरवं कळत नाही.
त्यापायीच रंगखात्यातून हाकललं होतं,
हिरव्या लडींत लाल लडी टाकल्या म्हणून.
पुठ्ठ्याला रंग नसतो, इथे तगलो.
पद्मजा म्हणाली, ते भोक तुमच्या आईच्या वडलांचं.
करीमनगरहून पाठीला मागाची फणी बांधून आले, ते.
आईत लपून तुमच्यात,
तुमच्यातून माझ्यात, लपून.
पुढे कुणात उघडेल, सांगता येत नाही.

कार्तिकात ती पोरांना घेऊन नान्नजच्या माळावर गेली,
मलाही नेलं.
वाळत आलेल्या गवतात सगळे टोळ शोधत होते.
मला तीन दिसले, एकामागून एक.
रंग नाही, नुसता आकार,
पात्याहून जरा जाड.
पोरं म्हणाली, आजोबा, कसं काय?

मी बोट दाखवलं चौथ्याकडे.
तो म्हणे बाकीच्यांहून हिरवागार होता,
मला कसं कळणार.
पोरं वाकेपर्यंत
चंडोल आला आणि घेऊन गेला.